कुठेही चालेल

ऑक्टोबर आला की शेजाऱ्यांच्या मेपलची पानं वाऱ्याने आमच्या अंगणात येऊन पडतात आणि ऑफिसातल्या कुणाच्या तरी घरी भारतातून आईवडील येतात. पानांचं सोपं आहे. लांब दांड्याचा पंजा मिळतो, मोठ्या कागदी पिशव्या मिळतात, भरून रस्त्याकडेला ठेवल्या की गाडी येऊन घेऊन जाते. आईवडिलांना बाहेर जेवायला न्यायचं काम मात्र कुठल्याच पंजाने होत नाही.

परवा आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या नागपूरच्या निखिलची मेल आली. "दादा, शनिवारी आईबाबांना जर्मन व्हिलेज दाखवतोय. तिथे खायला चांगलं कुठे आहे? दोघं व्हेज आहेत, बाकी त्यांना कुठेही चालेल."

मी उत्तर लिहायला बसलो आणि शेवटच्या दोन शब्दांपाशी अडकलो. ज्यांना कुठेही चालतं त्यांना कुठेच चालत नाही, हे मी तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात त्याच वस्तीत, विटांच्या फुटपाथवर ठेचकाळत शिकलो. ते एका ओळीच्या मेलमध्ये कसं लिहायचं?

आम्ही राहतो ते डब्लिन म्हणजे अमेरिकेतल्या कोलंबस शहराचं उपनगर. इथे रस्ते रुंद, घरं एकमेकांपासून लांब आणि सगळं कालपरवा बांधल्यासारखं. जर्मन व्हिलेज शहराच्या दक्षिणेला आहे. जर्मनीहून आलेल्या लोकांनी फार पूर्वी ती वस्ती वसवली. लाल विटांची बुटकी घरं, विटांचेच रस्ते, झाडांच्या मुळांनी वर उचललेले फुटपाथ, खिडक्यांत फुलांच्या लाकडी पेट्या. गाडी लावून दोन गल्ल्या चाललं की अमेरिकेत आहोत हे विसरायला होतं. निदान मला होतं. मी युरोप पाहिलेला नाही. माझा युरोप मेहकरच्या शाळेतल्या मेणकापडी नकाशावरचा, आणि तो मला वानखडे सरांनी शिकवला.

सर भूगोल शिकवायचे. हातात लाकडी पट्टी. ती ऱ्हाईन नदीच्या उगमावर ठेवून ते सावकाश समुद्रापर्यंत न्यायचे आणि वाटेतली शहरं अशी सांगायचे की जणू त्या रस्त्याने एस.टी.ने रोज जाणं-येणं आहे. स्वतः ते नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते. माझ्या घरात माझ्याआधी कुणी शाळा पूर्ण केली नव्हती. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर जादा तास सुरू झाले, ते संपेपर्यंत गावाकडची शेवटची गाडी निघून जायची. सरांनी एक दिवस वर्गाबाहेर थांबवून सांगितलं, "आजपासून आमच्याकडे जेवत जा. अभ्यासही तिथंच कर." मार्चपर्यंत मी त्यांच्या घरी जेवलो. काकू वाढायच्या, सर समोर बसायचे. पुढे मी इंजिनियर झालो, इथे आलो, घर घेतलं. मनात एकच राहिलं होतं. सर एकदा माझ्या घरी यावेत आणि माझ्यासमोर बसून पोटभर जेवावेत.

तसं फार मोठं मागणं नव्हतं हे.

त्या वर्षी सर आणि काकू त्यांच्या मुलाकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला आले. नातू झाला होता. काकू बाळाला सोडून हलायला तयार नव्हत्या, म्हणून सर एकटेच विमानाने आमच्याकडे आले. बुधवार ते रविवार. डोक्याला मफलर, अंगात मुलाचं जाड जाकीट, गळ्यात तुळशीची माळ. माळकरी असल्यामुळे मांस-मासे नाही, अंडंही नाही. ते मला माहीतच होतं. वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, आठवड्याभराची भाजी आणून ठेवली होती.

बुधवारी घरीच जेवलो. वैशालीने भरली वांगी केली होती. सरांनी दोन पोळ्या खाल्ल्या. वैशालीने विचारलं, "सर, अजून एक पोळी देऊ?"

"नको, पुरे."

"भात?"

"नको नको. भरपूर झालं."

"बरं," म्हणून तिने पोळ्यांचा डबा बंद केला. वैशाली पुण्याची आहे. मी त्यावरून तिला नेहमी चिडवतो, पण त्या दिवशी माझ्या लक्षात काही आलं नाही. मी सरांना घर दाखवण्याच्या आनंदात होतो. तळघरातली, घर गरम ठेवणारी भट्टी दाखवली, गवत कापायचं यंत्र दाखवलं. सर प्रत्येक वस्तूला "वा" म्हणाले.

गुरुवारी मी त्यांना गावातलं एक आश्चर्य दाखवायला नेलं. डब्लिनमध्ये एका मोकळ्या मैदानात माणसाएवढी काँक्रीटची मक्याची कणसं रांगेने उभी केलेली आहेत. पूर्वी तिथे मक्याचं शेत होतं, त्याची आठवण म्हणून. सर रांगांमधून फिरून आले.

"याचं करतात काय?"

"काही नाही सर. ही कला आहे."

"म्हणजे सोंगणी नाही," सर म्हणाले. "चांगलं आहे."

त्यानंतर जेवायचं होतं. "कुठे जाऊ या सर?" "कुठेही चालेल रे." मेक्सिकन चालेल? चालेल की. आत गेल्यावर त्यांनी मेन्यूकार्ड असं वाचलं जसं आम्ही सहामाहीचा पेपर वाचायचो. पहिल्यांदा वरून खाली, मग खालून वर, मग उलटं करून मागे काही आहे का. शेवटी कार्ड मिटलं. "तू जे घेशील त्यातलंच थोडं." मी बीन्सचं एक मोठं ताट मागवलं. त्यातला एक कोपरा त्यांनी खाल्ला.

शुक्रवारी मी शहाणपणा केला असं मला वाटलं. इंडियन बुफे. पनीर, छोले, नान, सगळं ओळखीचं, वाटेल तेवढं घ्या. सरांनी एकदा ताट भरून आणलं, तेही जेमतेम. ते संपलं. मी म्हटलं, "सर, घ्या ना अजून." त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं. हाताला रस्सा लागलेला होता. उष्ट्या हाताने भरल्या पंगतीतून उठायचं आणि स्वतःच पळी घेऊन वाढून घ्यायचं, हे सरांच्या जन्मात झालेलं नव्हतं. मला हे कळायला हवं होतं. मी मात्र माझं तिसरं ताट आणायला निघालो होतो.

शनिवारी जर्मन व्हिलेज. हा माझा हुकमाचा दिवस. सरांना युरोप दाखवायचा, आणि त्याच युरोपात जेवू घालायचं. सकाळपासून ऊन चांगलं होतं, हवेत गारठा होता, विटांवर पिवळी पानं चिकटली होती. सर हळूहळू चालत होते. एका घराच्या भिंतीला त्यांनी तळहात लावून पाहिला. "भाजलेली चांगली आहे," म्हणाले. विटेबद्दल. आमची सहा वर्षांची इशा त्यांचं बोट धरून चालत होती. तिच्या पाठीवर तिची छोटी बॅग.

पहिलं ठिकाण वस्तीतलं सगळ्यात नाव असलेलं. बाहेर रांग. सर रांगेत शिस्तीत उभे राहिले. दारापाशी पोचलो तेव्हा आतून भाजल्या सॉसेजचा वास आला आणि काचेमागे टोपी घातलेलं, हसरं, लाकडी डुक्कर दिसलं.

"सर, चालेल ना इथे?"

"चालेल की," सर म्हणाले आणि डुकराकडे पाठ करून उभे राहिले.

आम्ही रांगेतून बाहेर आलो.

दुसरं एक साधं कॅफे. फळ्यावर भाजीचं सूप लिहिलेलं. मी वेट्रेसला विचारलं की यात चिकनचं पाणी आहे का. ती आत जाऊन विचारून आली. आहे. मग त्या सँडविचमध्ये? अंड्याचं मेयोनीज. ते काढून? ती पुन्हा आत गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा सरांनी माझी बाही ओढली. "राहू दे ना गजानन. त्या बाईला किती हेलपाटे. मला तशी भूकही नाही." ती बाहेर आली तोवर सर दाराबाहेर.

तिसरं इटालियन. म्हटलं पास्ता, टोमॅटो, यात कुणाला अडचण नसते. बसलो. बर्फाचं पाणी आलं, सरांसाठी गरम पाणी मागवलं, ते चहाच्या किटलीत आलं, सोबत लिंबाची फोड. एका टोपलीत गरम पाव आले. सरांनी एक तुकडा घेतला, तेलात बुडवून खाल्ला, टोपलीकडे पाहिलं. तेवढ्यात तिथली वाढणारी मुलगी आली. हसून म्हणाली, "अजून ब्रेड आणू की झालं तुमचं?" हे सगळं इंग्रजीत. सरही हसले, हात हलवला आणि सवयीने म्हणाले, "नो, नो, थँक यू." तिने टोपली उचलली. चार पाव होते त्यात. मी बोलेपर्यंत ती आत गेली होती. मग कार्ड आलं आणि सर म्हणाले, "तुम्ही घ्या काय ते. माझं झालं." तुमचं झालं म्हणजे काय झालं, असं मला विचारायचं होतं. वैशालीने डोळ्यांनी गप्प केलं. इशा म्हणाली, "आय डोन्ट लाइक हिअर." आम्ही माफी मागून उठलो.

बाहेर फुटपाथवर माझा धीर सुटला. मी सरांशी आयुष्यात कधी आवाज चढवून बोललो नव्हतो.

"सर, तुम्हाला नेमकं काय खायचंय ते एकदा सांगा ना. एकदाच सांगा. चार दिवस मी विचारतोय. तुम्ही म्हणाल ते आणतो. पण कुठेही चालेल म्हणू नका."

कुत्रं फिरवणारी एक बाई थांबली आणि पुढे गेली. सरांनी मफलर सारखा केला. ते एवढे गप्प झालेले मी एकदाच पाहिले होते, वर्गात तपासणीला साहेब आले होते तेव्हा.

"ही इज हंग्री, बाबा," इशा म्हणाली. "ही एट ऑल माय फिश."

"काय खाल्लं?"

तिने पाठीवरची बॅग पुढे घेऊन उघडून दाखवली. ती शाळेत नेते ती मासोळीच्या आकाराची, चीजची खारी बिस्किटं असतात ना, त्याची रिकामी पिशवी. "एव्हरी डे. आफ्टर डिनर. आय शेअर्ड."

"तू आजोबांना विचारायचीस?"

"नो. आय जस्ट पुट देम इन हिज हँड."

मी सरांकडे पाहिलं. माळकरी माणूस, कानापर्यंत लाल झाला होता.

"मैद्याचे आहेत रे," सर म्हणाले. "मी पाकीट वाचून पाहिलं. सगळं वाचलं."

वैशाली हसली नाही. ती बाजूला झाली आणि तिने एडिसनला काकूंना फोन लावला. फोनवर काकू मोठ्याने बोलतात, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"काकू, सर नीट जेवत नाहीयेत. आम्ही विचारतो, ते नको म्हणतात."

"विचारतेस कायले त्यांना?" काकू म्हणाल्या. "वाढ ना."

"पण ते नको म्हणतात काकू."

"बाई, एकोणचाळीस वर्षं झाली. मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कधीचे उपाशी मेले असते. पुण्याची ना तू?"

"हो काकू."

"मंग बरोबर. दे गजाननला."

मी फोन घेतला. काकूंनी मला काही सुनावलं नाही. फक्त म्हणाल्या, "तू रे? तूही विसरला?"

मी विसरलो होतो. इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या मॅनेजरने घरी जेवायला बोलावलं होतं. त्याच्या बायकोने अॅपल पायची थाळी पुढे केली आणि विचारलं, घेणार का. मी म्हटलं, नो थँक यू. मला वाटलं ती दुसऱ्यांदा म्हणेल, मग मी थोडंसं म्हणेन. तिने थाळी उचलून फ्रिजमध्ये ठेवली. घरी येऊन मी उभ्या उभ्या तीन केळी खाल्ली आणि या लोकांना माणुसकी नाही असं तेव्हा भारतातच असलेल्या वैशालीला फोनवर सांगितलं. नंतर हळूहळू कळलं की त्यांची माणुसकी अशी असते: माणूस जे बोलतो ते खरं मानायचं. ते मी शिकलो. ऑफिसात त्याचा मला फार उपयोग झाला. कुणी नाही म्हटलं तर नाही, हो म्हटलं तर हो. इतकं चांगलं शिकलो की माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझे सर चार दिवस अर्धपोटी राहिले आणि मी त्यांच्यावरच ओरडलो.

सरांच्या घरी मी जेवायचो तेव्हा मलाही लाज वाटायची. लोकाच्या घरचं अन्न. पहिल्या भाकरीनंतरच मी ताटावर हात आडवा धरायचो. काकू त्या हाताकडे बघायच्याही नाहीत. बोटांच्या फटीतून वरण ओतायच्या. गरम लागायचं म्हणून हात आपोआप बाजूला व्हायचा, आणि तेवढ्यात भाकरी पडायची. आठवडाभरात त्यांना माझा खोटा हात आणि खरा हात यांतला फरक कळला होता. खरं पोट भरलं की माणूस दोन्ही हात पसरून ताटावर वाकतो. तसा मी वाकलो की त्या थांबायच्या.

चौथं ठिकाण आम्ही शोधलं नाही, समोरच होतं. एक बुटकं घर, खिडकीला जाळीचे पडदे, आत सात-आठ टेबलं आणि साठीच्या एक जर्मन बाई. या वेळी मी सरांना काही विचारलं नाही. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि एकटाच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. बाईंना सगळं विचारलं, सरांना ऐकू जाणार नाही असं. त्यांच्याकडे बटाटा किसून तळलेल्या चपट्या टिक्क्या होत्या. किस, कांदा, थोडं पीठ, मीठ. अंडं? "माझी आई कधी घालत नव्हती, मीही घालत नाही," त्या म्हणाल्या. तेल वनस्पतीचंच. लाल कोबी व्हिनेगर आणि सफरचंद घालून शिजवलेला. काकडीची कोशिंबीर, आंबट सायीतली. राय नावाच्या धान्याचा काळा पाव. मी म्हटलं, हे सगळं द्या, मोठ्या ताटांत द्या, वाढायचं मी बघतो.

ताटं आली. मी उभा राहिलो. सरांच्या बशीत तीन टिक्क्या, कोबी, कोशिंबीर. सरांनी हाताने खायला सुरुवात केली, मग मीही हातानेच. तीन संपल्या. मी आणखी दोन उचलल्या. सरांचा हात बशीवर आडवा झाला.

"पुरे, पुरे."

"बाबा," इशा म्हणाली, "ही सेड नो."

"मी ऐकलं."

"टीचर सेज यू हॅव टु लिसन."

"टीचर बरोबर आहेत. तू ऐकत जा," मी म्हटलं आणि बोटांच्या बाजूने टिक्की सरकवली. इशाने वैशालीकडे तक्रारीने पाहिलं. वैशालीने कोबीची पळी उचलली आणि काही न विचारता सरांच्या बशीत ओतली. पुण्याची असून.

सर जेवले. डोकं खाली घालून, सावकाश. मी किती वाढलं ते सांगत नाही, पण बाईंनी आतून आणलेलं दुसरं ताटही रिकामं झालं. दुपारची गर्दी सरली होती. बाई इतर टेबलांवरची भांडी उचलत होत्या. सरांनी बोटं पुसली, रिकाम्या ताटाकडे पाहिलं, जरा वेळ पाहातच राहिले. मी वाढायला काही शोधत होतो, पण काहीच उरलं नव्हतं. मग सरांनी घसा साफ केला आणि स्वतः त्या बाईंना हाक मारली.

"मॅडम. इज इट पॉसिबल, वन मोअर प्लेट?"

वैशाली माझ्याकडे बघायला लागली. मी टेबलाकडे.

बाईंना फार वाईट वाटलं. स्वयंपाकघर बंद झालं होतं. कढई उतरवली, तेल काढलं. आता साडेचारला उघडेल. तेव्हा तीनला दहा कमी होते.

मी लगेच म्हटलं, "सर, हरकत नाही. घरी जाऊन करू. बटाटेच तर आहेत. नाहीतर नदीकाठी जाऊन येऊ, शहर बघू, कॉफी..."

"साडेचारला उघडतं म्हणाल्या ना त्या?"

"हो, पण दीड तास आहे सर."

"मग थांबू."

जवळच मोठी बाग आहे. तिथल्या बाकावर आम्ही चौघं ओळीने बसलो. ऊन घरांच्या मागे जायला लागलं तसा गारठा वाढला. वैशालीने स्वतःचं जाकीट इशाला गुंडाळलं आणि मला हळूच म्हणाली की घरी किसणी आहे, पीठ आहे, तेल आहे, आपण इथे का बसलोय. इशाला शू लागली, तिला मी दोनदा नेऊन आणलं. रविवारी सकाळचं सरांचं विमान, त्यांची बॅग भरायची होती, आणि आम्ही बटाट्याच्या टिक्क्यांसाठी थंडीत कुडकुडत होतो. सर मात्र निवांत होते. पाय पसरून, मफलर सोडून. मध्ये एकदा समोरच्या विटांच्या घरांकडे बोट दाखवून त्यांनी इशाला ऱ्हाईन कुठून निघते ते सांगितलं. बाकी सगळा वेळ ते एकच विचारत होते.

"किती वाजले?"

"सव्वातीन, सर."

पाच मिनिटांनी पुन्हा.

"तीन वीस."

चार वाजले तेव्हा माझी बोटं बधिर झाली होती. सर उठून उभे राहिले, जाकिटाची चेन वर ओढली.

"चल गजानन," ते म्हणाले. "आधीच जाऊन दारापाशी उभं राहू. उगाच गर्दी व्हायची."